पावावरची तीन बोटं

आईस, फेझहून हाफिदाचा सलाम, आणि तुझ्या दोन्ही हातांचा मुका.

मी ठणठणीत आहे. पाहुण्यांना जुनं शहर दाखवायचं काम आता अंगवळणी पडलंय. तुझा गुडघा कसा आहे? ऑलिव्ह झोडायला झाडावर चढली नाहीस ना?

काल मात्र गंमत झाली. जर्मन मंडळींना मदरसा दाखवून निघाले आणि गल्ली चुकले. समोर नुसती भिंत. तेवढ्यात पाव भाजल्याचा वास आला. वासामागे गेले, तर आमच्याच मोहल्ल्याची भट्टी.

भट्टीवाल्या बा अल्लालनी माझा चेहरा बघूनच वाट चुकल्याचं ओळखलं. "ये पोरी, पाहुण्यांना आणायला इतका उशीर?" म्हणाले, जणू मी ठरवूनच आले होते. मग घरोघरून भाजायला आलेल्या ढिगातून माझा पाव अचूक काढून दिला. कणकेवर मी तुझ्यासारखीच तीन बोटं दाबते, त्यावरून. पाहुण्यांना मदरशापेक्षा तेच जास्त आवडलं.

एरवी रोज टोमणा मारतात, "एकच पाव? घरात दुसरं कोणी नाही का?" मी हसण्यावारी नेते. तू काळजी करू नकोस, मी पोटभर जेवते.

साऱ्या जगाला मी हे शहर दाखवते, तू मात्र अजून पाहिलं नाहीस. ऑलिव्ह उरकले की ये. बा अल्लालना मी सांगून ठेवलंय, "आई आली की तीन बोटांचे दोन पाव येतील. त्यातला माझ्या आईचा कुठला, ते ओळखून दाखवा."

तुझी वाट पाहणारी,
हाफिदा