मालकाचे मोजे

३ मार्च, सकाळ
उद्या बोनस. वर्षभर जिवाचं रान केलं, त्याचं चीज होणार. संकल्प: सगळ्यात आधी नवीन वॉशिंग मशीन. जुनं स्पिनला लागलं की थरथरत स्वयंपाकघरापर्यंत चालत येतं. ते जागेवर राहावं म्हणून दर रविवारी मी त्याच्यावर बसतो. पेपरही वाचता येत नाही, अक्षरं हलतात. बायकोने नव्या मशीनसाठी जागा टेपने मोजून ठेवली आहे. तिला शब्द दिला.

४ मार्च
साहेबांनी केबिनमध्ये बोलावून हात मिळवला. यंदा रोख बोनस नाही म्हणाले, त्याऐवजी कंपनीचे शेअर्स. तेही लगेच नाहीत. दरवर्षी पाव भाग, असे चार वर्षांत. मधेच नोकरी सोडली तर उरलेले गेले. वर म्हणाले, आता तुम्ही नोकर नाही, मालक झालात. हे गाजर मी ताबडतोब ओळखलं. चांगले चार शब्द सुनवायचे ठरवले. प्रत्यक्षात थँक यू म्हणालो. दोनदा.

४ मार्च, संध्याकाळ
घरी सांगितलं की मी मालक झालो. बायकोने विचारलं, मशीन कधी? तिला लाँग टर्म म्हणजे काय ते समजावलं. पाऊण तास. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की दुकानदार शेअर्स घेतो का. ही दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला आहे. तिथे अजून बोनस पाकिटात घालून देतात. काय मागासलेली पद्धत!

७ मार्च
ठरलं. राजीनामा. चांगल्या जाड कागदावर तीन पानं. दुसऱ्या पानावर तर साहेबांची सालटी काढली आहेत. सोमवारी टेबलावर आपटणार.

९ मार्च
आपटला नाही. साहेबांना सर्दी होती. शेवटी माणुसकी आहे की नाही?

११ मार्च
साहेब बरे झाले. पण अकाउंट्समधल्या बारक्याने सांगितलं, शेअर चढलाय. अशा वेळी मालकानेच कंपनी सोडून जाणं बरं दिसत नाही. राजीनामा शर्टाच्या खिशातच ठेवला आहे. दबाव म्हणून. साहेबांना कल्पना नाही, पण दबाव तो दबाव.

१२ मार्च
आज ऑफिस मालकाच्या नजरेने पाहिलं आणि काळजात चर्र झालं. काय ती उधळपट्टी! टॉयलेटचा दिवा भरदिवसा चालू. बंद केला. आत साहेब होते.
दुपारी मोबाइलवर भाव पाहिला. हिशेबाने माझं दीड मशीन झालं. बायकोला फोन करून कळवलं. म्हणाली, अर्धं तरी आज घेऊन या.

१३ मार्च
भाव आपटला. आता पाऊण मशीन, तेही चार वर्षांनी. बारक्याशी बोलणं बंद केलं आहे.

१५ मार्च, रविवार
मशीनवर बसलो होतो. ते अचानक चालायचं थांबलं. म्हटलं, जिंकलो! मग जळका वास आला.
मेकॅनिकने पंपातून मूठभर लगदा काढला. हे काय घातलं होतं, म्हणे. मी म्हणालो, ऑफिसचं काम. एका ओल्या तुकड्यावर फक्त 'अन्याय' एवढं वाचता येत होतं. ते बायकोने वाचलं. मेकॅनिक म्हणाला, पंप गेला, मोटर गेली, आता यात पैसे घालू नका. बायकोने मोरीतली बादली पुढे ओढली. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

१९ मार्च
ही कामावरून येते आणि चादरी घेऊन बादलीपाशी बसते. मनगटं दुखतात म्हणाली. खरंच लाज वाटली. बास झालं! उद्या साहेबांना तोंडावर सांगणार: रोख द्या, नाहीतर मी चाललो.

२० मार्च
तोंडावर बोललो. पुढच्या वर्षी बोनसचं काय, असं स्पष्ट विचारलं. साहेब खूश झाले. पुढच्या वर्षी दुप्पट शेअर्स, म्हणाले. हात मिळवला.

२२ मार्च, रविवार
बसायला काही नाही. पेपर पूर्ण वाचून झाला. करमत नाही.

२८ मार्च
घरी आलो तर नवं मशीन! बायकोच्या बोनसच्या पाकिटातून आलेलं, टेपने मोजलेल्या जागेत चपखल. स्पिनला लागलं तरी जागचं हलत नाही.
अभिनंदन करायला गेलो, तर तिनेच माझा हात हातात घेऊन मिळवला. म्हणाली, या मशीनमध्ये तुमचाही वाटा ठेवलाय. दरवर्षी पाव भाग. पहिलं वर्ष पुरं झालं की मोजे टाकायचे. दुसऱ्या वर्षी बनियन, तिसऱ्या वर्षी शर्ट, चौथ्या वर्षी पॅन्टसुद्धा. मधेच कुरकुर केली तर उरलेलं गेलं. तोपर्यंत बादली आहेच. आता तुम्ही या मशीनचे मालक झालात, म्हणाली.
चांगले चार शब्द सुनवायचे ठरवले. थँक यू म्हणालो. दोनदा.
शर्ट बादलीत भिजत घातले आहेत. खिसे मालकाने स्वतः तपासले.