तेरा खोकी आणि ताईची खोली

मी, नरहरी विश्वनाथ देवपुजारी, वय छप्पन्न, सरकारी कचेरीत हिंदी अनुवादक, राहणार गुढियारी, रायपूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोकं तापलेलं आहे, याचा दाखला पुढच्या मजकुरातच मिळेल.

कलमांना हात घालण्यापूर्वी एक तक्रार नोंदवून घ्यावी. माझ्या मालकीच्या जपानी टीव्ही-मालिकेच्या तबकड्यांच्या आठव्या खोक्याभोवती चार बोटं रुंदीची एक कागदी पट्टी होती. जपानी विक्रेते प्रत्येक खोक्याला अशी पट्टी नेसवतात. ती हलकेच वर सरकवली की निघते, पुन्हा घालता येते. परदेशी पार्सलं तपासणाऱ्या कचेरीतल्या कोणा शूरवीराने ती ब्लेडने उभी कापली. आत बॉम्ब नव्हता. मीठ पिकवणाऱ्या एका कुटुंबाची गोष्ट होती. त्या अज्ञात हस्ताला मी या लेखान्वये ब्लेडचं एक नवं पाकीट ठेवून जातो. ते त्याने दाढीलाच वापरावं, ही अट.

कलम पहिलं : घर. गुढियारीतलं राहतं घर माझे दिवंगत थोरले बंधू बाबाराव यांचा मुलगा नीलेश याला मिळावं. तो पत्नी अनुश्रीसह माझ्याजवळच राहतो आणि भनपुरीला ट्रान्सपोर्ट कंपनीत काम करतो. हे मृत्युपत्र त्याला मराठीत कळेल. उत्तर तो हिंदीत देईल. मात्र माझी थोरली बहीण विनोदिनी, जिला सगळे ताई किंवा आत्या म्हणतात, ती हयात असेपर्यंत रस्त्याकडची खोली तिची. खाट, टीव्ही, पाण्याचा माठ यांतलं काहीही वीतभरसुद्धा हलवायचं नाही. ताईला दिसत नाही. ती पावलं मोजून चालते.

बँकेतली शिल्लक ताईच्या नावे. त्यावर अधिक लिहिण्यासारखं नाही. शिल्लकही तेवढीच आहे.

कलम दुसरं : मालिका. अकरा वर्षांपूर्वी मी एक जपानी मालिका विकत घ्यायला लागलो. एका बेटावर मिठागर आहे, तिथे चियो नावाची थोरली बहीण आणि हरुओ नावाचा धाकटा भाऊ राहतात. बावन्न भाग, तेरा खोकी. पहिले दोन भाग मी अनुवादकांच्या एका परिषदेत पाहिले होते आणि घरी येऊन ताईला म्हणालो होतो, ‘‘आपल्या दोघांची गोष्ट आहे, फक्त मासे जास्त आहेत.’’ ती म्हणाली, ‘‘मंग आण ना. काहून थांबला?’’

का थांबलो ते ऐका. दुकानदार म्हणाला, तुमचा देश आमच्या यादीत नाही. दुसऱ्या दुकानदाराच्या यादीत देश होता, पण पिनकोडासाठी सात चौकोन होते आणि आपले आकडे सहा. मी पुढे एक शून्य लावलं, तर पार्सल कुठल्याशा तिसऱ्याच देशाची यात्रा करून आलं. मुंबईतला एक मध्यस्थ सापडला. त्याने दोन खोकी आणून दिली, तिसऱ्याच्या वेळी फोन बदलला. त्याला मी माझा शाप ठेवून जातो. शाप अनुष्टुभात बांधला आहे, टेबलाच्या डाव्या खणात आहे.

खोकं हातात आलं तरी आतली डीव्हीडीची तबकडी चालेना. हे जग काही सज्जनांनी प्रदेशांत वाटून ठेवलं आहे. जपान दुसऱ्या प्रदेशात, आपण पाचव्या. दुसऱ्या प्रदेशाची तबकडी पाचव्या प्रदेशाच्या यंत्रात घातली की यंत्र पडद्यावर नकाराची पाटी लावतं. मी पूर्ण किंमत मोजून घेतलेली वस्तू माझ्याच घरात मला सोवळं-ओवळं शिकवते! आमच्या आजोबांनीही इतकं पाळलं नव्हतं.

यंत्राचं सोवळं मोडलं ते अच्युतने. गुढियारीत त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने यंत्र उघडलं, आत फुंकर मारली आणि म्हणाला, ‘‘देवपुजारी भैया, मशीन अच्छी है. बस, इसको जात-पात सिखा दी है किसी ने.’’ दोन दिवसांत त्याने ते शिक्षण विसरवलं. तो या लेखाचा साक्षीदार असल्यामुळे त्याच्या नावे काही न ठेवलेलं बरं, असं वकील म्हणतात. नाहीतर मी त्याला अर्धं घर दिलं असतं आणि नीलेशशी भांडायला वर बसलो असतो.

मग कळलं, तबकडीवर कुठल्याच भाषेत तळओळी, म्हणजे सबटायटल्स, नाहीत. जपानी माणसांसाठी जपानी मालिका. बाकीच्यांनी आपलं पाहून घ्यावं. मी पाहून घेतलं. त्यांची अक्षरं आपल्याच वर्णमालेच्या क्रमाने लावलेली आहेत, हे कळल्यावर मला फार बळ आलं. दोन वर्षांत मी कामापुरतं जपानी शिकलो. एकेक भाग वीस-वीस वेळा थांबवून मराठीत वहीत उतरवला आणि दर रविवारी दुपारी ताईशेजारी बसून सगळ्यांचे संवाद वाचले. चियो मी, हरुओ मी, खारे मासे विकणारी म्हातारी मी, कुत्राही मीच. तेव्हा ताईच्या एका डोळ्याला धूसर दिसत होतं. काचबिंदूने तोही पुढे नेला.

आतापर्यंत हाती आलेली बारा खोकी, यंत्र आणि वह्या ताईच्या मालकीच्या. नीलेशने त्या सांभाळाव्यात.

कलम तिसरं : वह्यांविषयी. हे कलम आणि त्यापुढचं काहीही ताईसमोर मोठ्याने वाचायचं नाही. पंडरीतले माझे मित्र शरच्चंद्र यांना मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमतो आणि ही जबाबदारी त्यांच्यावर टाकतो.

अनुवादक म्हणून मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. एका क्रियापदावरून तीन साहेबांशी भांडलो, पण मूळ मजकुराला धक्का लावला नाही. घरी लावला.

ऑगस्ट २०१६. एका गुरुवारी ताईच्या दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली आणि डॉक्टरांनी मान हलवली. रविवारी ती नेहमीसारखी येऊन बसली. ‘‘लाव रे. डोळे गेले, कान तर आहेत.’’ त्या दिवशी नववा भाग होता. आदल्या महिन्यातच वहीत उतरवला होता, त्यामुळे पुढे काय आहे ते मला ठाऊक होतं. वादळात होडी उलटते आणि हरुओ मरतो. त्याला किनाऱ्यावर आणतात. चियो ओरडते.

ताईने विचारलं, ‘‘काय झालं? काहून रडून राहिल्या त्या बाया?’’

मी वहीकडे पाहिलं. त्या घरात त्या आठवड्यात आणखी एक वाईट बातमी वाचणं माझ्याच्याने झालं नाही. मी म्हणालो, ‘‘हरुओ दुसऱ्या बेटावर नोकरीला चालला.’’

‘‘मंग त्यात एवढं रडाचं काय?’’

‘‘जपानी माणसं हळवी असतात.’’

‘‘हव,’’ ती म्हणाली आणि डोळे पुसले.

तेव्हापासून हरुओ जिवंत आहे. पडद्यावर कोणी वर्तमानपत्र उघडो, औषधाची चिठ्ठी उघडो, कागद सळसळला की ताई सरसावून बसते आणि मी हरुओचं पत्र वाचतो. चियो रोज सकाळी त्याच्या तसबिरीपुढे घंटा वाजवते. ती देवपूजा, असं मी सांगितलं आहे. गेल्या आठ वर्षांत त्याने दोन नोकऱ्या बदलल्या, लग्न केलं, त्याला मुलगी झाली. जपानी नाव जिभेवर बसेना म्हणून ताईने तिचं नाव मीनू ठेवलं. एकदा भाजीवाल्या दीदीला ती सांगत होती, ‘‘आमच्या मीनूले दात आले.’’ भाजीवालीने तिच्या हातावर जास्तीची कोथिंबीर ठेवली.

लाल वह्यांत मूळ आहे. निळ्या वह्यांत ताईची मालिका आहे. वाचायच्या त्या निळ्या.

कलम चौथं : तेरावं खोकं. ते गेल्या ऑगस्टपासून वर उल्लेखिलेल्या कचेरीत पडून आहे. मी आधारकार्ड चार वेळा पाठवलं. वस्तूचा उपयोग काय, असं त्यांनी विचारलं. ‘पाहणे’ असं मी लिहिलं. त्यांनी पुरावा मागितला. पाहण्याचा पुरावा! माझ्यामागे खोकं आलंच, तर अच्युतने ते उघडावं, कारण त्याच्याकडे ब्लेड असूनही तो ते विचारून वापरतो. शेवट काय आहे मला माहीत नाही. हरुओचं शेवटचं पत्र मात्र मी लिहून ठेवलं आहे. तो घरी यायचं म्हणतो, पण तारीख लिहिलेली नाही.

कलम पाचवं : हिंदी. अकरा वर्षं एका बड्या ऑनलाइन कंपनीला मी विनवलं, ही मालिका इथे दाखवा. पत्रं तीन भाषांत लिहिली. उत्तर एकच : तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही. आणि गेल्या महिन्यात, मी उशापाशी खोकी रचून म्हातारा झाल्यावर, तीच मालिका एका रात्रीत आख्खी उपलब्ध झाली. फुकट. हिंदीत. सुरुवातीचं गाणं कापून, मीठ गोळा करण्याचा सबंध प्रसंग कापून, खारे मासे विकणाऱ्या म्हातारीला सिनेमातल्या सासूचा आवाज देऊन. तहान होती तेव्हा थेंब नाही. आता माझ्या घरात पूर.

नीलेश आनंदाने सांगत आला, ‘‘काका, सब आ गया! अब आपको चिल्लाना नहीं पड़ेगा. आत्या के टीव्ही पे लगा देता हूँ, आप आराम करो.’’

त्याने पहिला भाग लावला. ताईने तो संपूर्ण ऐकला आणि मला म्हणाली, ‘‘हिंदीतला हरुओ मस्त बोलते रे. तुहा हरुओ नेहमी खोकलाच झाल्यावानी.’’

मी त्याच संध्याकाळी राउटरचं अडॅप्टर काढलं आणि ते जळाल्याचं जाहीर केलं. नीलेश तीन आठवडे इंटरनेटवाल्या कंपनीशी भांडतो आहे, त्याबद्दल त्या कंपनीची आणि त्याची मी लेखी क्षमा मागतो. अडॅप्टर संस्कृत शब्दकोशाच्या मागे आहे. या घरात त्याहून सुरक्षित जागा मला सापडली नाही.

कलम सहावं : अट. घर हवं असेल तर नीलेश किंवा अनुश्री, दोघांपैकी एकाने दर रविवारी दुपारी ताईच्या खोलीत बसून निळी वही वाचायची. उच्चार चुकले तरी चालतील. ताई सुधारेल आणि टोमणेही मारेल. ही अट कोर्टात टिकणार नाही, असं वकील म्हणाले. मी त्यांना विचारलं, मग काय टिकतं? ते फाइल चाळत बसले.

एवढं रागाने लिहिलं. आता खरं लिहितो.

माझं खोटं उघडं पडेल, याची मला काळजी नाही. ताई मला चार शिव्या देईल, त्या मी वर ऐकेन. सोमवारी काय होईल याचीही फारशी नाही. नीलेश वाईट नाही. तो आत्याला टीव्ही लावून देईल, आवाज मोठा करेल, पाण्याचा पेला तिच्या हाताशी ठेवेल आणि भनपुरीला कामावर जाईल. अनुश्री आत स्वयंपाकात असेल. त्या यंत्रणेत एका भागामागून दुसरा आपोआप लागत जातो, कोणाला उठावं लागत नाही. नववा भाग लागेल. हरुओ मरेल. आणि त्या वेळी ताईच्या खोलीत कोणी नसेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि खालील दोघांच्या देखत त्यावर सही केली.

(सही) नरहरी विश्वनाथ देवपुजारी

आम्ही दोघांनी त्यांना सही करताना पाहिलं आणि त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या :

१. (सही) शरच्चंद्र मोरेश्वर पाठक, पंडरी, रायपूर
२. (सही) अच्युत रामलाल साहू, गुढियारी, रायपूर

स्थळ : रायपूर
दिनांक : ९ जानेवारी २०२५