मुद्दाम बिघडवलेले मुळे

प्रिय खारुताई,

बियांच्या पाकिटावर 'तीस दिवसांत तयार' असं छापलेलं असतं, त्यावर तू कधी विश्वास ठेवू नकोस. माझा पहिला मुळा पंचेचाळीस दिवस झाले तरी तयार नव्हता. रंगाचे दोन रिकामे डबे गॅलरीत ठेवले, खिळा तापवून तळाला भोकं पाडली, निम्मी माती आणि निम्मं खत भरलं आणि अर्धा इंच खोल बी टाकलं. चौथ्या दिवशी कोंब आले. मग पाला असा माजला की शेजारचा शिंपी म्हणाला, काका, मुळे लावलेत की जनावरांचा चारा? उपटून पाहतो तर खाली उंदराच्या शेपटीएवढं मूळ. मुळ्याने माझ्या तोंडाला अक्षरशः पानं पुसली! रोपवाटिकेतल्या बाईंनी नंतर सांगितलं की खत जास्त झालं की मुळा वरच्या वर मिरवतो, खाली काही करत नाही. चाळीस वर्षं लोकांचे वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाचं खताचं माप चुकावं, म्हणजे दिव्याखाली अंधारच की.

तुला वाटेल, बाबांना म्हातारपणी हे काय सुचलं. तू फोनवर मला 'औषधं घेता ना' एवढं विचारतेस, मी 'घेतो' म्हणतो आणि मग दोघंही हवापाण्यावर येतो. आईचं नाव तू काढत नाहीस आणि मीही काढत नाही. तुझ्या खाणावळीचा पहिला दिवस झाला त्याला आता सात महिने झाले. त्या दिवशी आईने तू वाढलेलं ताट पूर्ण संपवलं, तू विचारलंस 'कसं झालंय', आणि ती 'बरं आहे' म्हणून हात धुवायला उठली. तेव्हापासून तुमचं बोलणं बंद आहे. तुम्हा दोघींच्या मध्ये पडायचं नाही असं मी ठरवलं होतं, कारण मध्ये पडणाऱ्याला दोन्हीकडून फटके बसतात. तर आधी मुळ्यांचंच सांगतो.

आता माझ्याकडे चौदा डबे आहेत. रंगाचे, बिस्किटांचे, आइस्क्रीमचे, एक फुटकी बादली आणि तू लहानपणी ज्यात बसून आंघोळ करायचीस तो प्लास्टिकचा टबसुद्धा. प्रत्येकावर चिकटपट्टी लावून आकडा घातलाय. गोल मुळ्याला टीचभर माती पुरते, लांबट मुळ्याला दीड वीत तरी लागते, हे बिस्किटांच्या डब्यात वाकडे होऊन बसलेल्या मुळ्यांनी मला शिकवलं. रोपं दाट झाली तर मधली उपटून टाकायची असतात, ते मात्र माझ्याने होत नव्हतं. वर आलेल्या जिवाला कुठल्या तोंडाने उपटायचं? शेवटी शिंपी आला आणि दोन-दोन बोटं अंतर ठेवून कात्रीने कचाकच छाटून गेला.

पण खरी गंमत पुढे आहे. मी रोपवाटिकेतल्या बाईंना विचारलं, मुळा कशाने चांगला होतो? त्या म्हणाल्या, रोज पाणी द्या, दुपारच्या उन्हात झाका आणि कोवळा असतानाच काढा, म्हणजे गोड लागेल. मी घरी येऊन सगळं बरोबर उलट केलं. सहा नंबरच्या डब्याला पानं मान टाकेपर्यंत पाणी दिलं नाही. नऊ नंबरचा डबा भर उन्हात, तापलेल्या पत्र्याला टेकवून ठेवला. अकरा नंबरचे मुळे दहा दिवस उशिरा काढले. दर वेळी एक चकती स्वतः खायची, एक शिंप्याला द्यायची आणि वहीत लिहायचं की किती झोंबला. नऊ नंबरचा मुळा खाऊन शिंप्याच्या सुईत अर्धा तास दोरा जाईना, इतकं त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. बाईंना हे कळल्यावर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, लोक माझ्याकडे मुळा बिघडला म्हणून येतात, तुम्ही बिघडवायचा कसा ते विचारायला येता!

आणि एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती, ती मी स्वतः शोधली. अख्खा मुळा जिभेने चाटला तर काही म्हणजे काही होत नाही. नुसता वास घेतला तर मातीचा येतो. तो चावला, कापला, किसला की मगच तिखट होतो. म्हणजे तिखटपणा आत तयार बसलेला नसतो, मुळ्याला इजा झाली की तो तिथल्या तिथे तयार होतो! मग मी घड्याळ लावून बसलो. किसल्या किसल्या तोंडात टाकला तर एवढा नाही, पाच मिनिटांनी सर्वांत जास्त, अर्ध्या तासाने ढिला. सालीत जोर जास्त, म्हणून सोलायचा नाही. उकळला तर सगळा खेळ खलास. तू स्वयंपाकातली आहेस, तुला हे माहीत असेल, पण मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं आणि दोन दिवस मी येता-जाता ज्याला त्याला सांगत सुटलो होतो.

आता तिखटच का, ते सांगतो. तुझी खाणावळ सुरू व्हायच्या आधी आईला मोठी सर्दी आणि ताप झाला होता. तुला ती नुसती सर्दी म्हणून माहीत आहे. सर्दी गेली, पण जाताना आईचा वास आणि चव घेऊन गेली. दूध उतू जाऊन करपलं तरी तिला शेजारणीने ओरडून सांगेपर्यंत कळलं नाही. तीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चारशे माणसांचं जेवण जिच्या जिभेवर चाललं, तिला साखर कुठली आणि मीठ कुठलं, हे डोळ्यांनी बघून ओळखावं लागत होतं. नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं की परत येईल, न येईल, सांगता येत नाही. तिने स्वयंपाकघरात पाय ठेवणं सोडलं. मी केलेलं ती कागद चघळल्यासारखी चार घास खायची आणि ताट सरकवायची. तिचं वजन नऊ किलोंनी उतरलंय. काट्यावर तिला मीच उभं करतो, आणि काटा बिघडला असता तर बरं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. पोरी, मी घाबरलो होतो.

डॉक्टर बोलता बोलता एक वाक्य बोलून गेले होते. वास आणि चव गेली तरी झोंबणं बहुतेक राहतं, त्याची नस वेगळी असते. ते माझ्या डोक्यात बसलं. मिरची तर पोटाच्या दुखण्यामुळे तिला दहा वर्षं बंद आहे. मग मी विचार केला, नाकात जाईल असं दुसरं काय असतं जे मला घरात, डब्यात करता येईल? तिथून हे मुळे सुरू झाले. तिला मी काही बोललो नाही, उगाच कशाला आशा लावायची आणि फजिती करून घ्यायची.

परवा दुपारी नऊ नंबरचा सगळ्यांत जून मुळा सालीसकट किसला, घड्याळात पाच मिनिटं मोजली आणि चमचाभर तिच्यापुढे धरला. तिने माझी समजूत काढायची म्हणून तोंडात घातला. दोनदा चावला. मग तिचे डोळे मोठे झाले, तिने टेबलावर हात आपटला, शिंकली, नाक धरलं आणि ओरडली, अहो, हा मुळा आहे की विंचू! मी पाणी आणायला धावलो, तर तिने मला थांबवलं आणि स्वतःच्या हाताने दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. त्याच्याबरोबर तिने अख्खी वाटी भात खाल्ला. चव नाही आली, खारुताई, खोटं कशाला सांगू. फक्त झोंबलं. पण इतक्या महिन्यांनी तिच्या तोंडात काहीतरी घडलं. ती बराच वेळ रडत होती, आणि ते सगळं पाणी काही मुळ्याचं नव्हतं.

रडता रडता ती तुझ्याबद्दल बोलली आणि म्हणून हे पत्र लिहितोय. तिच्या दुखण्याचं तुला सांगायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली होती. पोरीच्या पहिल्या दिवशी माझं रडगाणं नको, म्हणाली. नंतर तू रागावलीस, मग तिच्या मानी स्वभावाने तोंड बंद केलं, आणि त्या दिवशी तिच्या शेजारी बसून सगळं माहीत असलेला मी मूग गिळून बसलो, तो आजपर्यंत. चौदा डबे लावणं मला एक पत्र लिहिण्यापेक्षा सोपं वाटलं, ही माझी चूक आहे, तिची नाही. परवा मी तिला विचारलं, अगं, त्या दिवशी नुसतं 'छान झालंय' म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? पोरगी खूश झाली असती, कुणाला काही कळलंही नसतं. तिने पदराने नाक पुसलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मला एवढीशी गोष्टही कळत नाही. म्हणाली, कॅन्टीनच्या साहेबांना मी न चाखता हजारदा 'जेवण छान झालंय' म्हटलंय. तिला कसं म्हणू? तिने मनापासून विचारलं होतं.

तुझाच,
बाबा