सायरन वाजला की नर्सबाई येते

माय,

तुले लिहायचं म्हणून शाळेतल्यासारखं शुद्ध लिहायला बसलो होतो. चार ओळी झाल्या आणि कागद फाडून टाकला. तुझ्याशी तसं बोलताच येत नाई मले. आज दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याच्यापायी तुझी आठवण आली आणि मग काही केल्या गेली नाई. नवी कोरी गाडी त्याची. आता चावीतच चिप असते माय, दुसरी चावी लावली तर इंजिन चालूच होत नाई. तरी त्याचं समाधान नव्हतं, वरून त्याले ते मोबाइलचं सिम टाकलेलं यंत्र पायजे होतं, गाडी कुठी उभी आहे ते फोनवर सांगणारं. मी बसवून दिलं आणि रोज सांगतो तसं सगळं सांगितलं. दोन्ही चाव्या एका जुडग्यात ठेवू नका. मूळ कागद गाडीत ठेवू नका, झेरॉक्स ठेवा. पानठेल्यावर उभ्या उभ्या खर्रा घ्यायला उतरलात तरी चावी काढून घ्या. आणि चोरबटण कुठी बसवलं ते कोणाले म्हणजे कोणाले सांगू नका. हे शेवटचं बोललो आणि मले हसू फुटलं. तो म्हणे, "काऊन हसता भाऊ?" मी म्हटलं, काही नाई, माय आठवली.

कुरखेड्याच्या पुढं आपलं गाव, गावात उपकेंद्र, आणि उपकेंद्रात तू नर्स. बाबा गेल्यावर तू ती जुनी पांढरी व्हॅन घेतलीस आणि स्वतः चालवायला शिकलीस. बाया कुंपणाशी उभ्या राहून पाहात, आणि तू धानाच्या बांधीत गाडी घातलीस की हसत, आणि मग त्याच लोटून बाहेर काढत. मी चंद्रपूरले गाड्यांच्या सामानाच्या दुकानात नुकता लागलो होतो. सायरन, रिमोट, सगळं तेव्हा नवं होतं, आणि मी असा तोऱ्यात फिरे की जसं काही मीच शोधून काढलं. त्याच सुमारास चामोर्शीच्या बाजारातून कोणाची तरी जीप चोरीले गेल्याचं कानावर आलं. तुझी चावी तर दाराजवळच्या खिळ्याले टांगलेली, रस्त्यावरून दिसावी अशी. मग काय, पोळ्याले आलो तो पेटीभर सामान घेऊनच आलो.

अख्खा दिवस मी गाडीखाली लोळलो. कोणी धक्का मारला की सायरन बोंबलावा अशी सोय केली, तो बंद करायचा रिमोट तुझ्या हातात दिला. सीटखाली, चटईच्या आत चोरबटण बसवलं. ते दाबल्याशिवाय चावी फिरवली तरी गाडी हूं की चूं करणार नाई. तुले बसवून दाखवलं आणि बजावलं, हे फक्त तुले माहीत अन् मले. तू मान डोलावून "बरं" म्हटलंस. तितक्यात कडुनिंबावरून माकड टपावर उडालं आणि सायरन असा काही वाजला की शेजारच्या घरचं जेवण ताटात राह्यलं. तू म्हणालीस, "गाडीले भूत लावून देल्लं काय रे तूनं?"

दुसऱ्या दिवशी समोरच्या दुकानातला सायकलवाला मले म्हणे, "भाऊ, बटण जरासं कडक आहे. तेल टाकजा थोडं."

मी घरात आलो तो तणतणतच. म्हटलं, माय, त्याले सांगितलं, मग ते चोरबटण कायचं? तू भाजी चिरून राह्यली होतीस, मान वर केली नाई. म्हणालीस, "चोराले कुठी सांगतलं मी? गावाले सांगतलं. मी बाजाराले गेली, नाई तं कोणाच्या बाळंतपणात अडकली, अन् इकडं कोणाले साप चावला, तं गाडी काय अंगणात पुजाले ठेवू?" मले इतका राग आला होता माय. असं वाटलं की हिच्यासाठी आपण घाम गाळला आणि हिले त्याची कवडीची किंमत नाई. चावीही परत त्याच खिळ्यावर गेली होती.

दिवाळीत आलो तं आणखीच निराळं. भर दुपारी बाहेरून एक म्हातारा आला, गाडीच्या दारावर फाडकन हात मारला, आणि सायरन कोकलत असताना निवांत कडुनिंबाखाली बसून तंबाखू मळायला लागला. मी धावत बाहेर गेलो. म्हटलं, "बाबाजी, गाडीले काऊन मारता?"

"बाईले बोलावून राह्यलो."

"मग आवाज द्यायचा ना."

"माहा आवाज घरामागच्या वाडीत पोचत नाई बापू. हिचा पोचते."

तू आलीस, हात मातीनं भरलेले, पदराले बांधलेला रिमोट दाबलास, सायरन बंद केलास आणि विचारलंस, "सुनेले कळा सुरू झाल्या काय?" जसं काही गाड्या याच्यासाठीच असतात. तो म्हातारा पुढच्या सीटवर ऐटीत बसला. जाता जाता मले सांगून गेला की तुमचं मशीन बेस्ट आहे. चोर येऊ नये म्हणून लावलेला सायरन तुम्ही लोकांनी माणूस बोलवायची घंटा करून टाकला होता. मी कपाळाले हात लावला.

मग तो उन्हाळा. तू अंगणात मोहाची फुलं वाळत घालून राह्यली आहेस. उन्हानं रस्ता सुना पडला आहे, दारं लोटलेली आहेत. तुझ्या छातीत कळ येते, खाली बसतेस, हाक मारायले तोंड उघडतेस आणि आवाजच निघत नाई. रिमोट घरात राह्यलेला. हे मी पाहिलेलं नाई, तूच मले दवाखान्यातल्या खाटेवर सांगितलं, पण इतक्या वेळा डोळ्यांपुढं आणलं की आता पाहिल्यासारखंच वाटते. तू सरपटत गाडीपर्यंत गेलीस आणि दारावर हात मारलास. आपल्याच गाडीले, आपल्याच दारात. सायरन वाजला.

सायकलवाल्याले वाटलं, नेहमीसारखं कोणीतरी नर्सबाईले घ्यायले आलं. खूप वेळ झाला तरी सायरन बंद होईना. तू कधी इतका वेळ वाजू देत नव्हतीस, म्हणून तो पाहायले उठला. पाहतो तं बाईच खाली पडली आहे. त्यानं मले फोन केला नाई, चावी कुठी आहे विचारलं नाई. खिळ्यावरची चावी घेतली, शेजारच्या वहिनीच्या मदतीनं तुले मागं निजवलं, सीटखाली हात घालून बटण दाबलं आणि कुरखेडा, कुरखेड्याहून गडचिरोली. मी पोचलो तेव्हा तो दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. मले पाहून उठला आणि म्हणे, "बटण आता मोकळं झालं भाऊ."

त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मी रडलो माय. हे तुले कधी सांगितलं नाई. तू वाचलीस, पुढं माझं लग्न पाहिलंस, पोरीले न्हाऊ घातलंस, आणि कितीतरी वर्षांनी आपल्या घरात, आपल्या खाटेवर गेलीस. तेवढी वर्षं मले मिळाली. ती माझ्या बटणानं मिळाली की तुझ्या तोंडानं, याचा हिशोब मले अजून लागत नाई. आणि तू समोर असतीस तं म्हणाली असतीस, "हिशोब कायले पायजे?"

इथं चंद्रपुरात आमच्या गल्लीत दाराले दार लागून गाड्या उभ्या असतात. सगळ्यांना सायरन आहेत, निम्मे तर मीच बसवलेले. वाजतात, वाजतात, आणि आपोआप बंद होतात. कोणी खिडकीही उघडत नाई. तुझी सून म्हणते, सायरन वाजला की दरवेळी तुम्हीच काऊन उठता? आत्ताही हे लिहिता लिहिता एक वाजला. मी चप्पल घालून पाहून आलो. मांजर होतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाई. घडी घालून गाडीच्या कागदांत ठेवून देतो. हो, मूळ कागद माझ्याही गाडीतच असतात. आणि चोरबटण कुठी आहे ते समोरच्या इस्त्रीवाल्याले माहीत आहे, मीच त्याले बसवून दाखवलं. गिऱ्हाइकांना मात्र मी हे सांगत नाई.