त्रिकोण हलत नाही

सोमवार, २ सप्टेंबर

घंटाच नाही! पावणेआठला पोचले आणि दहा मिनिटं फाटकाशी उभी, घंटेची वाट बघत. शेवटी एक नऊ-दहा वर्षांची मुलगी बाहेर आली. "आत या ना. आम्ही केव्हाच सुरू झालोय."

एकोणीस वर्षं मी बदलीवर शिकवतेय. कुणाचं बाळंतपण, कुणाचा मोडलेला पाय, तिथे मी. बावीस शाळा झाल्या, पण अशी एक नाही पाहिली. जुना सुतारकामाचा कारखाना. त्यात एकतीस मुलं, सहा ते तेरा वर्षांची, सगळी एकत्र. इयत्ता नाही, वेळापत्रक नाही. फळ्यावर गाढव काढलेलं. पुसायला गेले तर, "अहो थांबा, त्याचे कान राहिलेत!"

शाळा चालवणाऱ्या मोठ्या ताईंना विचारलं, मी शिकवायचं काय? म्हणाल्या, "आठवडाभर नुसतं बघा."

बघायला मी काय पाहुणी आहे?

बुधवार, ४ सप्टेंबर

सकाळपासून आठ मुलं मागच्या ओढ्यावर पूल बांधतायत. फळकुटं, खिळे, हातोड्या. पूल पडला. पुन्हा बांधला, पुन्हा पडला. त्यांचे सर बाजूला बसून स्वतःची खुर्ची दुरुस्त करत होते! मी म्हटलं, सांगा ना त्यांना कुठे चुकतंय. "विचारलं नाहीये त्यांनी अजून."

पाढे नाहीत, शुद्धलेखन नाही. या मुलांचं पुढे व्हायचं काय?

गुरुवार, ५ सप्टेंबर

शिक्षण खात्याला पत्र टाकलं. "मुले दिवसभर लाकडे ठोकत बसतात. नुकसान होत आहे." खाली लिहिलं – एक जबाबदार शिक्षिका. नाव नाही घातलं. हे म्हणाले, "कशाला नसती उठाठेव? महिन्याभराचं तर काम." पण मला राहवलं नाही.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

दर शुक्रवारी सभा असते. सगळे जमिनीवर गोल बसतात. प्रत्येकाला एक मत, ताईंनाही एकच. अध्यक्ष कोण? फाटकातली तीच मुलगी! तिला सगळे ठिणगी म्हणतात. नाव अगदी शोभतं.

पहिलीच तक्रार माझ्याविरुद्ध. मी एका मुलाच्या हातातून हातोडी ओढून घेतली होती. ठिणगीने शांतपणे विचारलं, "का घेतलीत?" मी म्हटलं, लागेल म्हणून. "मग तसं सांगायचं. ओढायची कशाला?"

माझे कान तापले. एकोणीस वर्षांत मला 'का' असं कुणी विचारलंच नव्हतं.

मंगळवार, १० सप्टेंबर

पूल तिसऱ्यांदा पडला. एक लहानगी रडली. बाकीचे तिच्याशेजारी बसून राहिले, तिचं रडणं होईपर्यंत. मग उठले आणि पुन्हा मोजायला लागले.

मी हाताची घडी घालून उभी. मधे न पडणं किती जड जात होतं!

गुरुवार, १२ सप्टेंबर

आजचं आधी लिहून टाकते.

पुलाची चौकट सारखी डुगडुगत होती. चार फळ्या, चार खिळे, हात लावला की कलणार. खिळे वाढवले, तरी तेच. मग ठिणगीने वैतागून एक फळी तिरपी, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ठोकली. नुसती रागाने! हलवून बघितलं. हलेना. तिने दुसऱ्याला बोलावलं, त्याने हलवलं. हलेना. दोघं लोंबकळले.

"त्रिकोण हलत नाही!" ती ओरडली. "चौकोन हलतो, त्रिकोण हलत नाही!"

सगळी धावत आली. मीही धावले. साडी सावरत, चक्क धावले! तिने माझा हात धरून फळीवर ठेवला. "हलवा. हलवा ना बाई."

नाही हलला.

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशी. किती वर्गांत लिहिलं असेल मी फळ्यावर! पण तो हलत नाही हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

घरी येऊन तीन पट्ट्या ठोकल्या. मग चार. हे बघत राहिले. "काय चाललंय?" म्हटलं, बघा तर. त्यांनीही हलवून पाहिलं, आणि चहा निवून गेला तरी आम्ही दोघं तिथेच.

मंगळवार, १७ सप्टेंबर

खात्याचे साहेब आले. न सांगता. हातात माझं पत्र.

मुलांच्या आता पक्क्या झालेल्या पुलावर उभे राहूनच त्यांनी एका मुलाला विचारलं, "सतरा साते?" "दहा साते सत्तर, सात साते एकोणपन्नास... एकशे एकोणीस." "पाढा पाठ नाही?" "नाही. पण येतं की!"

मग साहेबांनी सगळ्यांसमोर पत्र वाचलं. लाकडे ठोकत बसतात. नुकसान होत आहे. शाळा बंद करायची की नाही ते आठ दिवसांत ठरेल म्हणाले. मोठ्या ताई पांढऱ्याफटक पडल्या.

पत्र माझं, हे मी सांगितलं नाही.

बुधवार, १८ सप्टेंबर

आजही सांगितलं नाही. 

शुक्रवार, २० सप्टेंबर

सभेत हात वर केला. म्हटलं, ते पत्र माझं.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. ठिणगीने विचारलं, "लिहिलंत तेव्हा तुम्हाला खरंच तसं वाटत होतं?"

"हो."

"म्हणजे खोटं नाही लिहिलंत." पुढे विचारलं, "मग नाव का नाही घातलंत?"

  

ताई खाली बघत होत्या. मुलांनी आपसात बोलून ठरवलं – बाईंनी दुसरं पत्र लिहायचं, नावानिशी, आणि आधी इथे वाचून दाखवायचं. तिथेच लिहिलं, वाचलं. तर दुरुस्त्या सुरू! "'अद्वितीय' काढा, साहेबांना पटणार नाही." "पूल किती वेळा पडला ते लिहा. तीन." "तुम्हाला माहीत नव्हतं, तेही लिहा."

एवढीशी मुलं. ज्यांचं घर मी पेटवायला निघाले होते, ती माझ्या शेजारी बसून माझं पत्र नीट करत होती. मी कुठल्या जगात आले आहे?

सही केली. पूर्ण नाव.

गुरुवार, २६ सप्टेंबर

साहेबांचा कागद आला. शाळा चालू राहणार! अट एकच – प्रमाणपत्र असलेली एक शिक्षिका कायमची हवी. ताईंनी माझ्याकडे बघितलं. "मला चालेल. पण माझं एकच मत."

शुक्रवार, २७ सप्टेंबर

मला कायमची ठेवायची का, यावर मतदान झालं. बत्तीस बाजूने, दोन विरुद्ध. विरुद्ध पडलेलं एक मत माझं, ते निनावी पत्र अजून बोचतंय म्हणून.

दुसरं ठिणगीचं. जाताना फाटकाशी म्हणाली, "माझा तुमच्यावर अजून विश्वास बसला नाहीये. बसला की सांगेन. सोमवारी या."