बाबा उलटे दिसायचे तेव्हा

आई, तुझ्या डब्यातल्या सगळ्या स्लाइड परवा कॉम्प्युटरवर चढवून घेतल्या. बऱ्याच स्लाइडना बुरशी लागली होती. दुकानदारानं एकेक पुसली आणि सगळी चित्रं एका पेन ड्राइव्हमध्ये घालून दिली. तू जन्मभर शिकवलेला भूगोल त्या एवढ्याशा तुकड्यात मावला, याचा मला उगाच रागच आला.

खरं तर मला त्यातली एकच हवी होती, मुदखेड स्टेशनवर बाबा उभे आहेत ती. भूकंपानंतर लातुरात कुणी घरात झोपायला धजत नव्हतं. आख्खी गल्ली मैदानात सतरंज्या टाकून पडलेली. भांडं पडलं तरी बायका लेकरं उचलून पळायच्या. तू शाळेचा प्रोजेक्टर आणलास, दोरीवर चादर बांधलीस आणि नद्या, डोंगर, धरणं दाखवायला लागलीस. लोक बघताहेत, पण कुणी बोलत नाही. प्रोजेक्टरमध्ये स्लाइड उलटी घालावी लागते, तेव्हा कुठं ती पडद्यावर सुलटी दिसते. घाईत तू बाबांची तशीच सरळ घातलीस, आणि आमचे कडक बाबा, रेल्वेचा कोट घालून, डोकं खाली पाय वर! "बाई, साहेब उलटे हाईत!" कुणीतरी ओरडलं आणि सगळं मैदान हसलं. शेजारच्या काकूसुद्धा. किल्लारीकडं त्यांच्या माहेरचं एकही माणूस उरलं नव्हतं. हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला आणि रडल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. तू घाबरून स्लाइड काढायला गेलीस तर बाबाच म्हणाले, "असू दे. उलटाच राहू दे मला." दुसऱ्या दिवशी अंधार पडायच्या आत काकू हजर. "बाई, आज साहेबाला उलटं करणार न्हाई का?" मग लोक घरात झोपायला जाईपर्यंत तू रोज बाबांना उलटं केलंस.

दुकानदारानं अर्थातच त्यांना सरळ करून दिलं होतं. म्हटलं, एवढा एक उलटा करून द्या. "उलट्याचं सुलटं समदेच मागतात मॅडम, तुम्ही पहिल्याच," म्हणाला, पण दिला करून.

आपल्या गल्लीत आता घरं कमी आणि क्लास, होस्टेलं जास्त. खालच्या खोल्या मी डॉक्टर व्हायला आलेल्या मुलींना दिल्यात. घर भरलेलं असतं, तरी दिवस दिवस माझ्याशी कुणी बोलत नाही. पोरी वाईट नाहीत, त्यांना वेळच नाही. रविवारी हदगावची मुलगी दुधाचं पातेलं परत द्यायला वर आली, तिला बसवून घेतलं आणि पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. मोबाइल पालथा ठेवून बसली बिचारी. धरणं गेली, डोंगर गेले, बाबा आले. मी टीव्हीकडं नाही, तिच्याकडं बघत होते.

"काकू, हा फोटो उलटा हाय," ती म्हणाली. "थांबा, नीट करून देते." पेन ड्राइव्ह खाली घेऊन गेली, लगेच घेऊन आली. बाबा सरळ. "कोण हायत हे?"

"माझे वडील."

"भारी दिसतात," म्हणाली, आणि उद्या टेस्ट आहे म्हणून पळाली. एवढ्या मायेनं केलेल्या कामाला काय बोलणार? मी थँक्यू म्हटलं.

दुकानात जाऊन परत उलटं करून आणता येईल. पण तुला एक सांगते. ती वर यायच्या आधी, बाबा उलटेच होते तेव्हा, मी एकटीनं बसून ते बघितले होते. हसू आलं नाही, आई.