पात्यांची काळी पूड

गुरुवार, वारूळवाडी. दिवेलागणीनंतर.

आजही जमलं नाही. शेडमधून आल्यावर दोनदा हात धुतले, तरी बोटांचं काळं जात नाही.

कोल्ड स्टोरेजच्या मशीनमध्ये गॅसचा दाब व्हॉल्व्हमध्ये फुकट जातो. त्याच दाबावर पात्यांचं चाक फिरवायचं आणि थोडी वीज वाचवायची, एवढंच तर माझं म्हणणं. पण पाती सैल ठेवली की गॅस त्यांच्या कडेनं निसटतो, चाक नुसतं डुलतं. म्हणून आज हट्टानं पात्यांमागे जाड स्प्रिंगा घातल्या. ग्राफाइटची पाती चाकाभोवतीच्या डब्याच्या भिंतीला घट्ट टेकली आणि घासून सगळं तापलं. उघडलं तर आत काळी पूड. पात्यांचीच.

लेथवाले पोपटभाऊ वाकून बघत म्हणाले, "आता गळत न्हाई राव, पण फिरत बी न्हाई." हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

उद्या मंचरचे कोल्ड स्टोरेजवाले शेवटचं बघायला येणार. दाखवू काय? सैल की घट्ट? यातलं मधलं काही असेल ना कुठंतरी? की नाहीच, आणि मीच वेड्यासारखा...

घरात शिरलो तर छकुली रांगत आली. उचलून तिचा गाल कुरवाळला, तर त्यावर काळा ठिपका उमटला. पुसायला गेलो, तशी आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे, तीट लागली. दृष्ट नाय लागायची लेकीला."

माझ्या मशीननं आज केलेलं काम एवढंच.